लाईट आली, पण नेट आलं नाही: लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर लक्ष कसं ठेवायचं



मागच्या दोन व्हिडिओंत आपण तालुक्याच्या गावात ब्रॉडबँडचा धंदा कसा उभा करायचा ते पाहिलं. फायबर, ओएलटी, खांबाचं भाडं, लाइनमनचा पगार, सगळं. आज त्यातल्या एका अशा मशीनबद्दल बोलू जे ग्राहकाला दिसत नाही, लाइनमनला दिसत नाही, आणि पुष्कळदा मालकालाही दिसत नाही. दिसतं ते एकदम संध्याकाळी साडेसातला, चाळीस मिस्ड कॉल आल्यावर.

समजा तुमचे ८०० ग्राहक आहेत. मंगळवारी पहाटे दोन वाजता तुमचा लॉगिन तपासणारा सर्व्हर, म्हणजे रेडिअस, बंद पडला. सकाळ झाली. सगळ्यांचं नेट चालू. पोरांचे क्लास, दुकानांचे यूपीआय, सगळं सुरळीत. दुपारी एकदोन फोन आले, "नेट गेलंय". आपलं ठरलेलं उत्तर काय? "राउटर बंद करून चालू करा." त्यांनी केलं, नेट काही आलं नाही, तुम्ही म्हणालात उद्या माणूस पाठवतो. संध्याकाळी साडेसहाला निम्म्या गावाची लाईट गेली. सव्वासातला परत आली. पंखे फिरले, टीव्ही लागले, नेट मात्र कुणाचंच आलं नाही. लाइनमन शिडी घेऊन बाहेर पडला. फायबर ठीक, ओएलटीवरचे दिवे हिरवे, वरच्या कंपनीकडून येणारी लाइन चालू. रात्री साडेनऊला कोणाच्या तरी डोक्यात आलं, "अरे, रेडिअस बघितलं का?"

म्हणजे बिघाड साडेएकोणीस तास जुना होता. कळला तेव्हा सगळं गाव एकाच वेळी चिडलेलं होतं.

असं का होतं? कारण एकदा लॉगिन झालेलं कनेक्शन रेडिअसला सहसा परत विचारत नाही. दारावरच्या वॉचमनसारखं आहे हे. वॉचमन उठून गेला म्हणून आत बसलेली माणसं बाहेर पडत नाहीत. फक्त नव्याने येणारा दारात अडकतो. आणि आपल्याकडे सगळे एकदम दारात कधी येतात? लाईट जाऊन परत आली की. शेकडो घरांतले राउटर एकाच मिनिटात सुरू होतात आणि एकाच वेळी लॉगिन मागतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं टेक्निकल माणसाचं काम, आम्ही तर धंदा शिकायला आलोय. बरोबर आहे. पण महिन्याला ५०० रुपये देणारे ८०० ग्राहक म्हणजे चार लाखांची उलाढाल, आणि ती एका मशीनच्या 'हो' किंवा 'नाही' वर चालते. गल्ल्यावर कोण बसलंय हे तुम्हाला माहीत असतं ना? मग हेही माहीत हवं. कमांड टाकायला माणूस मिळेल. काय तपासायचं हे मात्र तुम्हीच सांगायला हवं.

रेडिअस म्हणजे नेमकं काय

थोडक्यात सांगतो. १९९१ मध्ये लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या अमेरिकन कंपनीने हे तंत्र बनवलं, तेव्हा फोनलाइनवरून मोडेमने नेट लावायचे त्यांच्यासाठी. मोडेम गेले, रेडिअस राहिलं. ग्राहकाच्या घरातला राउटर तुमच्या मुख्य राउटरला युजरनेम आणि पासवर्ड देतो. मुख्य राउटर स्वतः काही ठरवत नाही, तो रेडिअसला विचारतो. रेडिअस डेटाबेसमध्ये बघतं: हा ग्राहक आहे का, रिचार्ज आहे का, किती स्पीडचा प्लॅन आहे. मग उत्तर देतं. हे प्रश्नोत्तर १८१२ नंबरच्या पोर्टवर होतं. कोण कधी जोडला गेला, कधी तुटला, किती डेटा वापरला याचा हिशोब १८१३ वर येतो. जुन्या सेटअपमध्ये १६४५ आणि १६४६ हे नंबर दिसतील, काम तेच.

हॉस्टेल, लॉज किंवा को-वर्किंगच्या वायफायला प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देत असाल तर तिथेही मागे हेच असतं. बहुतेक छोट्या सेटअपमध्ये फ्रीरेडिअस नावाचं मोफत सॉफ्टवेअर, त्यामागे मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल, आणि समोर मायक्रोटिकचा राउटर. खालचं सगळं तोच सेटअप धरून लिहिलंय.

'चालू आहे' याला अर्थ नाही

लक्ष ठेवायचं म्हटलं की पहिली गोष्ट लोक करतात ती पिंग. सर्व्हरला पिंग जातंय, म्हणजे सर्व्हर जिवंत. दुसरी गोष्ट, फ्रीरेडिअसची सर्व्हिस चालू आहे का ते बघतात. हिरवा शब्द दिसतो, समाधान होतं. मित्रांनो, दुकानाचं शटर उघडं आहे आणि आत दिवा लागलाय, एवढंच यातून कळतं. माल मिळतोय का, ते कळत नाही. सर्व्हिस चालू असते आणि मागचा डेटाबेस अडकलेला असतो. सर्व्हिस चालू असते आणि कोणीतरी काल फायरवॉलमध्ये १८१२ बंद केलेला असतो.

म्हणून खरी तपासणी एकच: दर मिनिटाला ग्राहकासारखं लॉगिन करून बघायचं.

फ्रीरेडिअसबरोबर 'रेडटेस्ट' आणि 'रेडक्लायंट' अशा दोन कमांड येतात, त्यांनी हे करता येतं. कमांड कशी लिहायची ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय, तिथून उतरवून घ्या. ज्यांना काळ्या स्क्रीनची भीती वाटते त्यांच्यासाठी अपटाइम कुमा हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात रेडिअसची तपासणी तयारच असते. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, युजर, पासवर्ड आणि सीक्रेट भरलं की झालं. जुना लॅपटॉपसुद्धा याला पुरतो. उलट लॅपटॉपच बरा, त्याची बॅटरी थोडीफार चालत असेल तर तोच त्याचा यूपीएस.

आता यातल्या खाचाखोचा. इथेच बहुतेकांचं चुकतं.

पहिली. तपासणारं मशीन रेडिअसच्या ओळखीच्या यादीत असायला हवं. अनोळखी मशीनने विचारलं तर रेडिअस 'नाही' असंही म्हणत नाही, गप्प बसतं. नवीन माणूस तासभर डोकं फोडतो आणि शेवटी कळतं की यादीत नावच नव्हतं. तपासणीच्या मशीनला स्वतःचं वेगळं सीक्रेट द्या, मुख्य राउटरचं देऊ नका.

दुसरी. तपासणीचा युजर डेटाबेसमध्येच बनवा, जिथे खरे ग्राहक आहेत तिथे. फ्रीरेडिअसमध्ये एका साध्या फाईलमध्येही युजर लिहिता येतो आणि ते सोपं असल्यामुळे सगळे तेच करतात. पण तो युजर वेगळ्या वाटेने जातो. आपल्याला ग्राहकाची वाट तपासायची आहे.

तिसरी. या युजरचं नाव 'टेस्ट' आणि पासवर्ड 'टेस्ट' ठेवू नका. हसू नका, फार ठिकाणी असतं. मग महिन्याभरात लाइनमनच्या चुलतभावाच्या घरी तेच कनेक्शन फुकटात चालतं. हा युजर फक्त तपासणीच्या मशीनवरूनच चालेल असं बांधून घ्या.

चौथी. तपासणी तुमच्या नेटवर्कच्या आतून करा. १८१२ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा ठेवून इंटरनेटवरच्या कुठल्यातरी सेवेकडून तपासून घ्यायचा मोह होईल. नको. रेडिअसचं बोलणं बहुतांशी उघडं असतं, फक्त पासवर्ड जुन्या पद्धतीने झाकलेला असतो. जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडिअस नावाची मोठी त्रुटी उघड झाली ती याच जुनेपणामुळे. तुमचं फ्रीरेडिअस त्याआधीचं असेल तर ते अपडेट करून घेण्याचं काम या आठवड्यातच लावा.

उत्तरं तीन असतात

'हो', 'नाही' आणि शांतता. चांगलं लक्ष ठेवायचं म्हणजे या तिघांत फरक करायचा. कारण प्रत्येकाचं दुखणं वेगळं, औषध वेगळं.

बरोबर पासवर्ड देऊनही 'नाही' येतंय आणि सगळ्यांनाच येतंय, तर पुष्कळदा डेटाबेस बंद असतो. फ्रीरेडिअसला डेटाबेसकडून काही मिळालं नाही की ते ग्राहकाला सरळ नाकारतं. आणि काहीच उत्तर येत नसेल, किंवा फार उशिरा येत असेल, तर डेटाबेस मंद झालाय किंवा रस्ताच तुटलाय. एकदा हा फरक कळला की रात्री साडेसातला लाइनमनला खांबावर चढवायची गरज पडत नाही.

मायक्रोटिक वापरणाऱ्यांसाठी एक खास सापळा. राउटर रेडिअसच्या उत्तराची किती वेळ वाट बघतो, तो आकडा तिथे मिलिसेकंदांत असतो आणि मूळ सेटिंग सेकंदापेक्षा कमी असतं. इकडे फ्रीरेडिअस 'नाही' म्हणायला मुद्दाम एक सेकंद थांबतं. कोणी पासवर्ड ओळखायचा धडाका लावला तर त्याला वेसण बसावी म्हणून. परिणाम काय? ग्राहकाने चुकीचा पासवर्ड टाकला तरी राउटरवर नोंद होते 'टाईमआउट'. तुम्हाला वाटतं सर्व्हर मेला. प्रत्यक्षात तो फक्त एक सेकंद दम खात होता. राउटरवरची वाट बघण्याची वेळ तीन सेकंद करा, मग 'नाही' ला 'नाही' म्हणूनच मोजलं जाईल.

आता तिसऱ्या उत्तराकडे या. माझ्या मते धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महाग हेच पडतं: चुकीचं 'हो'.

कसं होतं ते सांगतो. रेडिअस अडकलंय, गाव चिडलंय, रात्रीचे दहा वाजलेत. टेक्निकल माणूस म्हणतो, "तात्पुरतं सगळ्यांना सोडून देऊ, सकाळी बघू." एक ओळ टाकतो, की कोणीही आलं तरी 'हो' म्हण. नेट येतं, सगळे खूश. सकाळी दुसरंच काम निघतं. ती ओळ तशीच राहते. महिना संपतो, रिचार्ज न केलेल्यांचंही नेट चालूच. ग्राहक कशाला फोन करून सांगेल, माझं नेट फुकट चालू आहे म्हणून? शांततेमुळे तुमची एक संध्याकाळ जाते. चुकीच्या 'हो' मुळे वसुली जाते, आणि एकही तक्रार येत नाही.

म्हणून एक नाही, तीन तपासण्या ठेवा. एक युजर बरोबर पासवर्डचा, उत्तर 'हो' यायला हवं. तोच युजर चुकीच्या पासवर्डने, उत्तर 'नाही' यायला हवं. आणि तिसरा, मुद्दाम रिचार्ज संपवून ठेवलेला युजर, त्याला एकतर 'नाही' किंवा तुमच्या 'रिचार्ज करा' पानाचा रस्ता मिळायला हवा. पहिली तपासणी दर मिनिटाला, बाकीच्या दोन तासाला एकदा पुरेत.

अपटाइम कुमामध्ये उलट्या तपासणीसाठी 'अपसाइड डाउन' असा पर्याय आहे, लॉगिन झालं तर लाल, नाही झालं तर हिरवं. छान आहे, पण एक ध्यानात ठेवा. रेडिअस मेलं तरी ही उलटी तपासणी हिरवीच राहणार, कारण लॉगिन झालं नाही एवढंच तिला दिसतं. म्हणून ती एकटी कधीच ठेवू नका, पहिल्या तपासणीच्या जोडीनेच ठेवा.

एक पॅकेट हरवलं म्हणून लगेच फोन वाजवू नका. रेडिअस ज्या पद्धतीने बोलतं त्यात पोच मिळण्याची हमी नसते, एखादं उत्तर वाटेत गळतंच. सलग तीनदा फसलं तर वाजवा. नाहीतर दोन आठवड्यांत तुम्ही अलर्ट म्यूट कराल, आणि नेमक्या त्या दिवशी...

रोज सकाळी दोन आकडे

आता हिशोबाच्या बाजूकडे, म्हणजे १८१३ कडे. लॉगिन चालतंय म्हणून कोणी इकडे बघत नाही. पण डेटा संपला का, कोणाचं किती वापरलं, कोण किती वेळ होता, सगळं याच्यावर. हा हिशोब थांबला तर लॉगिन चालूच राहतं, फक्त तुम्ही आंधळे होता.

एक सोपी सवय लावा. रोज सकाळी दोन आकडे वहीत लिहा. मुख्य राउटरवर आत्ता किती ग्राहक जोडलेले दिसतात, आणि रेडिअसच्या डेटाबेसमध्ये किती कनेक्शन 'अजून चालू' दिसतात. डेटाबेसमधला हा आकडा म्हणजे ज्यांची सुटण्याची वेळ रिकामी आहे अशा नोंदी. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. राउटर म्हणतो ६४०, डेटाबेस म्हणतो ६४६, चालेल. राउटर ६४०, डेटाबेस ९१०, म्हणजे २७० भुतं आहेत.

ही भुतं कुठून येतात? ग्राहकाच्या घरी लाईट गेली तर राउटरला थोड्या वेळाने कळतं आणि तो रेडिअसला 'हा गेला' म्हणून सांगतो. पण मुख्य राउटरच बंद पडला, तुमच्या ऑफिसचा यूपीएस बसला, तर सांगणार कोण? सगळे ग्राहक डेटाबेसमध्ये 'चालू' म्हणूनच राहतात. आणि तुम्ही एका ग्राहकाला एकच लॉगिन अशी अट घातली असेल तर लाईट आल्यावर तो ग्राहक येतो, रेडिअस बघतं, "हा तर आधीच आत आहे," आणि त्याला नाकारतं. त्याचं स्वतःचं भूत त्याला दारात अडवतं! अशा वेळी पासवर्ड बरोबर, रिचार्ज आहे, सर्व्हर चालू, डेटाबेस चालू, तरीही नेट नाही. हा प्रकार ज्याने एकदा अनुभवला तो दोन आकडे लिहायला विसरत नाही.

याच्या जोडीला आणखी एक तपासणी: हिशोबाची शेवटची नोंद किती जुनी आहे. राउटर प्रत्येक चालू ग्राहकाची मधली खबर दर दहा मिनिटांनी पाठवत असेल आणि ६०० ग्राहक जोडलेले असतील, तर दर सेकंदाला सरासरी एक नोंद येते. पाच मिनिटं एकही नोंद आली नाही, तर हिशोबाची वाट बंद आहे हे नक्की. ही एक ओळीची तपासणी लाख मोलाची आहे. दहा मिनिटांच्या खाली जाऊ नका, खबर जास्त वेळा मागितली की डेटाबेसवर उगाच भार पडतो.

भाराचा विषय निघालाच आहे तर आकडेमोड करून बघा. ८०० ग्राहक, प्रत्येकाचं कनेक्शन दिवसातून सरासरी तीनदा तुटून जोडलं जातं असं धरा. दिवसाला २४०० ओळी, महिन्याला ७२ हजार, वर्षाला पावणेनऊ लाखांच्या आसपास. एकच लॉगिनची अट तपासताना रेडिअस याच तक्त्यात शोधतं. लाईट आल्यावर शेकडो लोक एकदम आले आणि तक्ता नीट लावलेला नसेल, तर प्रत्येकाचा शोध लांबतो, राउटर थांबून थांबून पुन्हा विचारतो, पुन्हा विचारल्याने रांग अजून वाढते. फ्रीरेडिअसच्या लॉगमध्ये अशा वेळी 'डुप्लिकेट रिक्वेस्ट' टाकून दिल्याच्या ओळी भराभर येतात. ती ओळ दिसली की समजा, रेडिअस तुटलेलं नाही, डेटाबेस दमलाय. जुन्या नोंदी दर महिन्याला वेगळ्या तक्त्यात हलवा.

हलवा म्हटलं, पुसा म्हटलं नाही. डिसेंबर २०२१ मधल्या दुरुस्तीनंतर इंटरनेट लायसन्सच्या अटींत या नोंदी दोन वर्षं ठेवायच्या आहेत. आणि सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवून ठेवायचं. तुम्ही कोणाची फ्रँचायझी असाल तर नोंदी कोणी ठेवायच्या हे करारात वाचून घ्या. उद्या पोलीस स्टेशनमधून विचारणा आली, अमुक दिवशी अमुक वाजता हा आयपी कोणाकडे होता, आणि तुमच्या सर्व्हरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे असेल, तर तुम्ही भलत्याच घराचं नाव द्याल. घड्याळ किती चुकलंय हीसुद्धा लक्ष ठेवायचीच गोष्ट आहे.

डिस्क. कंटाळवाणा विषय, पण रेडिअस झोपवणाऱ्यांत याचा नंबर वरचा. फ्रीरेडिअस हिशोबाच्या तपशिलाच्या फाईली रोज एक अशा लिहीत जातं आणि कोणी साफ केल्या नाहीत तर त्या कायम राहतात. डिस्क भरली की मायएसक्यूएल जागा होण्याची वाट बघत थांबतं, एरर देऊन मोकळं होत नाही, नुसतं थांबतं. त्यामुळे बाहेरून सगळं चालू दिसतं. ८० टक्क्यांवर अलर्ट लावा.

वायफायला सर्टिफिकेट वापरणाऱ्या हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्यासाठी एकच वाक्य: फ्रीरेडिअस बसवताना आपोआप बनलेलं सर्टिफिकेट चाचणीपुरतं असतं, त्याची मुदत साठ दिवस, त्यामुळे संपायच्या तीस दिवस आधी आठवण यायलाच हवी.

रेडिअस तुमचं नसेल तर

बरेच जण मोठ्या कंपनीची फ्रँचायझी घेतात किंवा बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याचं क्लाउडवरचं रेडिअस वापरतात. मग वाटतं, ही त्यांची जबाबदारी. जबाबदारी त्यांची असेल, फोन तुम्हालाच येणार आहेत.

सर्व्हरच्या आत तुम्हाला बघता येत नाही, पण तुमच्या राउटरवर बघता येतं. मायक्रोटिकमध्ये रेडिअसच्या जागी 'मॉनिटर' केलं की किती प्रश्न गेले, किती 'हो', किती 'नाही', किती टाईमआउट, किती वेळा पुन्हा विचारावं लागलं आणि शेवटच्या उत्तराला किती वेळ लागला, हे सगळं दिसतं. दर पाच मिनिटांनी हे आकडे साठवा आणि मागच्या आकड्याशी वजाबाकी करा. एकूण आकड्यात अर्थ नसतो, तो वाढतच जातो. पाच मिनिटांत किती वाढला ते महत्त्वाचं. टाईमआउट वाढतायत आणि 'हो' थांबलेत, तर समोरच्याला फोन करायच्या आधी हा कागद हातात घ्या. "तुमचं काहीतरी बंद आहे" असं म्हणणाऱ्याला सपोर्टवाले अर्धा तास होल्डवर ठेवतात. "सात वाजून बारा मिनिटांपासून माझ्या राउटरवर एकही 'हो' आलेलं नाही, टाईमआउट ३४०" असं म्हणणाऱ्याचं लगेच ऐकतात.

स्वतःचं फ्रीरेडिअस असेल तर हेच आकडे सर्व्हरकडूनही मागता येतात. त्यात 'स्टेटस' नावाची वेगळी खिडकी असते, मुळात बंद, चालू करावी लागते. ती १८१२१ पोर्टवर फक्त त्याच मशीनपुरती उघडते. चालू करताना तिचं मूळ सीक्रेट बदला, ते सगळ्या जगाला माहीत आहे.

फोन वाजणार कोणाचा?

इतकं सगळं केलं आणि अलर्ट गेला तुमच्या ईमेलवर, तर काय उपयोग. टेलिग्रामचा ग्रुप करा: तुम्ही, टेक्निकल माणूस आणि एक लाइनमन. चौथा नको. दहा जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितलं असेल. मेसेजमध्ये नुसतं 'रेडिअस डाउन' नको. "लॉगिनला उत्तर नाही, सलग ३ वेळा, शेवटचं हो ७:१२ ला, आधी डेटाबेस बघा," असा मेसेज रात्री अर्धवट झोपेतल्या माणसालाही कळतो.

आणि मोठा प्रश्न. तुमची मुख्य लाइनच गेली तर अलर्ट बाहेर जाणार कुठून? तपासणीच्या लॅपटॉपला दुसऱ्या कंपनीच्या सिमचा डोंगल लावा. त्याशिवाय उलटी व्यवस्थाही ठेवा: लॅपटॉप दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला 'मी ठीक आहे' एवढंच सांगत राहील, आणि सांगणं थांबलं की ती सेवा तुम्हाला कळवेल. हेल्थचेक्स नावाची सेवा नेमकं हेच करते. रोज सकाळी दूधवाल्याने बेल वाजवावी आणि दार उघडलं नाही तर शेजाऱ्याला सांगावं, तसं. पहाऱ्यावर पहारा म्हणा हवं तर.

आता घरचा अभ्यास. या रविवारी दुपारी तीन वाजता, टेक्निकल माणसाला शेजारी बसवून, रेडिअसची सर्व्हिस मुद्दाम पाच मिनिटं बंद करा. आधीच जोडलेल्या ग्राहकांचं नेट जाणार नाही, कारण आपण वर पाहिलंच. फोन समोर ठेवा, घड्याळ बघा. सर्व्हिस चालू करा, मग डेटाबेस दोन मिनिटं थांबवा, या वेळी मेसेज वेगळा येतो का बघा. शेवटी लॅपटॉपची वायर आणि डोंगल दोन्ही काढा आणि थांबा. तिन्ही वेळी किती मिनिटांनी फोन वाजला ते कमेंटमध्ये लिहा. ज्यांचा वाजला नाही त्यांनी काय काय लावलं होतं तेही लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन सेटअप घेऊन आपण कुठे अडलं ते शोधू.